ऐकणाऱ्या माणसांचं शहर

इडली-डोसा, कांजीवरम साड्या, मरीना बीच अन् घामाच्या धारा... चेन्नईची एवढीच ओळख घेऊन आपण परततो. पण मनाने मोडलेल्या माणसाला सावरण्यासाठी साध्यासुध्या माणसांनाच शिकवून तयार करणारं शहर, ही चेन्नईची आणखी एक ओळख आहे. त्या वाटेवरचा हा फेरफटका.

मुंबईकराला चेन्नईच्या समुद्रावर पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, इथे तो समुद्रातून वर येतो. सकाळी साडेपाचला मरीनावर पोचलो तेव्हा आभाळ नुकतं तांबूस होत होतं. फिरायला आलेल्यांची गर्दी मात्र भर बाजारासारखी!

सोबत मावशी होत्या. ‘मद्रासची मावशी’ म्हणजे आईची कॉलेजातली मैत्रीण. मूळच्या सोलापूरच्या, पण लग्न झालं ते तंजावरी मराठी घरात. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तंजावरला राज्य स्थापलं. तेव्हापासून तिकडेच रुजलेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. १९९६ साली शहराचं नाव चेन्नई झालं, पण मावशींच्या तोंडी अजून मद्रासच. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गुडघे कुरकुरतात, तरी पहाटेचं फिरणं चुकत नाही.

चालता चालता त्या एका पुतळ्यापाशी थांबल्या. हात उंचावलेली, हातात पैंजण धरलेली, संतापाने उभी असलेली स्त्री.

“ही कण्णगी,” मावशी म्हणाल्या. “आपल्याकडे सीता-सावित्री, तशी तमिळ माणसाला ही.”

‘शिलप्पदिकारम्’ या प्राचीन तमिळ महाकाव्याची ही नायिका. राणीचं पैंजण चोरल्याच्या खोट्या आळावरून पांड्य राजाने तिच्या नवऱ्याला ठार मारवलं. कण्णगी दरबारात गेली आणि स्वतःचं पैंजण तिने सगळ्यांदेखत फोडलं. राणीच्या पैंजणात मोती होते, हिच्या पैंजणातून माणकं उडाली. राजाला चूक उमगली, पण उशीर झाला होता. कण्णगीच्या क्रोधाने अख्खी मदुरा जळून गेली! मरीनावर हा पुतळा १९६८ साली बसला. २००१ साली तो हलवला गेला, तेव्हा केवढा गदारोळ उठला. २००६ साली तो पुन्हा जागेवर आला.

“अन्याय झाला, उत्तर म्हणून आग लावली. पण त्या आगीत जळलेल्या मदुरेच्या लेकरांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही,” मावशी सहज बोलून गेल्या.

मला मात्र ते सहज घेता आलं नाही.

स्टोव्हचा भडका

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक काकू भाजल्या. ‘स्टोव्हचा भडका उडाला,’ असं सगळे म्हणाले. इस्पितळात त्यांनी स्वतःही तेच सांगितलं. आदल्या रात्री त्यांच्या खोलीतून येणारे आवाज सगळ्या मजल्यांनी ऐकले होते, पण त्याविषयी कुणी अवाक्षर काढलं नाही. चौथ्या दिवशी काकू गेल्या.

त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. ती यायच्या आधी बाईंनी आम्हाला बजावलं, “तिच्यापुढे कुणी तो विषय काढायचा नाही हं!” बाईंच्या मनात माया होती, शंकाच नाही. आम्हीही शहाण्यासारखं ऐकलं. शाळा संपेपर्यंत कुणीच तो विषय काढला नाही. मीही नाही.

चेन्नईला यायचं ठरलं ते या आठवणीपायी. एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं होतं की तिथल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात भाजलेल्या बायकांच्या खाटेशी बसून त्यांचं ऐकणारी माणसं आहेत. आमच्या काकूंच्या खाटेशी असं कुणी असतं तर?

किलपॉकच्या दारात

पूनमल्ली हाय रोड म्हणजे चेन्नईची धमनी. याच रस्त्यावर किलपॉक मेडिकल कॉलेजचं इस्पितळ आहे. भाजलेल्या रुग्णांसाठीचा इथला विभाग साऱ्या तमिळनाडूत माहीत आहे. मी आत, खाटांपर्यंत गेले नाही. ती काही बघ्यांनी जायची जागा नव्हे. एक तर जंतुसंसर्गाची भीती, शिवाय ज्या बाईला आरसाही नकोसा झालाय, तिच्यापुढे वही-पेन घेऊन कोणत्या तोंडाने उभं राहायचं? बाहेर बाकावर डबे घेऊन बसलेल्या आया-बहिणींकडे पाहिलं तरी पुरे होतं.

या शहरात २००१ साली ‘पीसीव्हीसी’ ही संस्था सुरू झाली. गुन्ह्याचे बळी ठरलेल्यांना आधार द्यायचा, हा तिचा उद्देश. संस्थापकांपैकी डॉ. प्रसन्ना गेट्टू यांचं काम घरातल्या हिंसेभोवती उभं राहिलं. मारहाणीतून सुटलेल्या बायकांसाठी हेल्पलाइन, आसरा, कायद्याची मदत असं करता करता संस्था किलपॉकच्या भाजलेल्या रुग्णांपर्यंत पोचली.

भाजलेल्या बाईचं दुखणं दुहेरी असतं. रोज जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हा नरकयातनांचा भाग. त्यातून वाचली तर कातडी आकसते. मान छातीला चिकटते, बोटं मिटतात ती उघडत नाहीत. महिनोन् महिने व्यायाम, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. हे झालं शरीराचं. दुसरं दुखणं उशाशी उभं असतं. नवरा, सासू, दीर तिथेच असतात. ‘खरं सांगितलं तर पोरांना कोण बघणार?’ या धास्तीने ती ‘स्वयंपाक करताना पदर पेटला’ असं सांगून मोकळी होते. कधी तिला कुणी पेटवलेलं असतं, कधी छळाला कंटाळून तिने स्वतःच काडी ओढलेली असते, तर कधी खरोखरच अपघात असतो. हे ओळखायचं कसं? त्यासाठी तिच्याशी एकटीशी, घाई न करता, पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. तेही कुठलाही जबाब तिच्या तोंडात न घालता. याला नुसतं चांगलं मन पुरत नाही. शिकावं लागतं.

इस्पितळातून घरी सोडल्यावर तर खरी परीक्षा. अशा बायकांसाठी पीसीव्हीसीने ‘विडियल’ नावाचं केंद्र काढलं. तमिळमध्ये विडियल म्हणजे पहाट. तिथे शरीराच्या उपचारांबरोबर मनाला उभारी देण्याचं काम चालतं, आणि मुख्य म्हणजे आपल्यासारख्याच दुसऱ्या बायका भेटतात.

याच कामातून एक नवलाची गोष्ट घडली. ‘हॉट ब्रेड्स’वाले एम. महादेवन यांनी २०१७ साली पीटर्स रोडवर ‘रायटर्स कॅफे’ सुरू केला, तेव्हा भाजण्यातून वाचलेल्या बायकांना बेकरीचं शिक्षण देऊन तिथे कामावर घेतलं. आगीने जिचं आयुष्य होरपळलं, तिनेच पुन्हा तापलेल्या भट्टीपुढे उभं राहायचं! अन् तेही स्वयंपाकघरात लपून नव्हे, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. हातात स्वतःच्या कमाईचे पैसे आले, की मार खायला परत जायची सक्ती उरत नाही. हिंसेचं चाक थांबवायचा एक साधा उपाय तोही आहे.

हे चाक थांबतं कुठे?

चाक हा शब्द मी मुद्दाम वापरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१चे आकडे पाहा. नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांचं प्रमाण तमिळनाडूत १०० मध्ये सुमारे ३८ आहे. महाराष्ट्रात ते सुमारे २५. म्हणजे आपणही पाठ थोपटून घ्यावी असं काही नाही. दर चौथ्या घरात हे घडतंय.

याच पाहणीच्या २००५-०६च्या फेरीत दिसलेली गोष्ट त्याहून अस्वस्थ करणारी आहे. ज्या मुलींनी लहानपणी बापाला आईवर हात उचलताना पाहिलं, त्यांच्या स्वतःच्या वाट्याला नवऱ्याचा मार येण्याचं प्रमाण इतर मुलींच्या दुपटीच्या आसपास होतं. मार खाणं म्हणजेच संसार, हे मुलगी घरातच शिकते. मारणं म्हणजे पुरुषपण, हे मुलगाही तिथेच शिकतो. पण हे विधिलिखित नव्हे. त्याच मुलांपैकी कितीतरी जण कधीच हात उचलत नाहीत. घडलेल्या गोष्टीला ‘हे चूक होतं, अन् त्यात तुझा दोष नव्हता’ असं वेळेवर म्हणणारं एक जरी माणूस भेटलं, तरी फरक पडू शकतो.

कायदा आणि पोलिस हवेतच. तमिळनाडूतल्या सर्व-महिला पोलिस ठाण्यांविषयी मावशी अभिमानाने सांगतात. १९९२ साली याच शहरातल्या थाउजंड लाइट्स भागात राज्याने अशा ठाण्यांची सुरुवात केली. पण पोलिस ठाण्याची पायरी चढण्याआधी बाईला आपली कहाणी कुणापुढे तरी उच्चारता यावी लागते.

ऐकण्याचंही शिक्षण!

दुपारी मावशींच्या घरी जेवताना एक गोष्ट कळली आणि मी ताटावर थबकलेच. गेली आठ वर्षं मावशी आठवड्यातून एक दिवस ‘कामाला’ जातात. कुठे, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. शहरातल्या एका केंद्रात, फोनवर अनोळखी माणसांचं दुःख ऐकायला!

“केंद्राचं नाव लिहू नकोस हं,” त्यांनी आधीच दम भरला.

चेन्नईत या कामाचा पाया १९८६ साली घातला गेला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी आत्महत्या रोखण्यासाठी ‘स्नेहा’ ही संस्था काढली. राजा अण्णामलैपुरम भागात तिचं ठिकाण आहे. लंडनमध्ये १९५३ साली चाड वारा या पाद्र्याने ‘समॅरिटन्स’ हे काम सुरू केलं होतं. त्यामागची कल्पना अशी की जीव द्यायला निघालेल्या माणसाला प्रत्येक वेळी डॉक्टरच लागतो असं नाही. त्याला आधी एक माणूस लागतो. गृहिणी, निवृत्त कारकून, कॉलेजातली पोरं यांना नीट शिकवलं तर हे काम ती करू शकतात.

“मला वाटलं, ऐकण्यात काय शिकायचंय?” मावशी सांगत होत्या. “बँकेत तीस वर्षं काउंटरवर बसून लोकांचंच ऐकलं की! पहिल्या दिवशी सराव होता. समोरची मुलगी दुःखी बाईचं काम करत होती, मी ऐकणारी. पाच मिनिटांत मी तिला सहा सल्ले दिले. देवळात जा, माहेरी जा, योगासनं कर... शिकवणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, ‘तुम्ही तिचं ऐकलंत कधी?’”

मग एकेक गोष्ट मोडत गेली. सल्ला द्यायचा नाही. ‘माझ्या नणंदेचंही असंच झालं होतं’ म्हणून आपली गाथा लावायची नाही. ‘सगळं ठीक होईल’ हे वचन द्यायचं नाही, कारण ते आपल्या हातात नसतं. शांततेला घाबरायचं नाही, समोरचा रडत असेल तर रडू द्यायचं. ऐकलेलं कुठे बोलायचं नाही, नवऱ्यालाही नाही. आणि जीव द्यायचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तसलं खूळ डोक्यात शिरतं, हा आपला गैरसमज. उलट बोलायला वाट मिळाल्याने माणूस हलका होतो, हे आता जगभर मान्य झालं आहे.

“आणि ऐकून आलेलं ओझं?” मी विचारलं.

“ते उतरवायचीही रीत असते. निघण्यापूर्वी सोबतच्याशी बोलायचं, मगच घरी. नाहीतर ते ओझं घरातल्यांवर निघतं. भांडी आपटतात गं नुसती!”

श्रीनिवासपुरमची लाट

संध्याकाळी रिक्षा केली. राजा अण्णामलैपुरमवरून पट्टिनपाक्कमच्या किनाऱ्याला वळलं की श्रीनिवासपुरम लागतं. मच्छीमारांची दाट वस्ती, मागे गृहनिर्माण मंडळाच्या जुनाट इमारती, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी. जरा पुढे अड्यार नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखावरचा १९७७ साली मोडलेला पूल अजून तसाच अर्धवट उभा आहे.

२६ डिसेंबर २००४. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. सकाळी त्सुनामीची लाट आली. तमिळनाडूत सुमारे ८ हजार माणसं गेली, त्यातली ६ हजारांहून अधिक एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात. चेन्नईत दोनशेच्या आसपास बळी गेले आणि श्रीनिवासपुरमने त्यातला मोठा वाटा सोसला.

तांदूळ आला, तंबू आले, नव्या होड्या आल्या. पण कडेवरचं पोर लाटेने ओढून नेलेल्या बाईला होडी देऊन काय उपयोग? काही आयांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेली होती आणि सारी मुलं गेली होती. त्यांच्यासाठी ती शस्त्रक्रिया उलटवून देण्याची सोय सरकारने मोफत केली, यावरून दुःखाचा अंदाज यावा. त्यात मदतीच्या पैशांबरोबर काही वस्त्यांत दारू वाढली आणि दारूबरोबर घरातली मारहाणही. समुद्राचा राग बायकोवर! हिंसेचं चाक असंही फिरू लागतं.

इतक्या माणसांना पुरतील एवढे मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? तेव्हा बंगळुरूच्या ‘निम्हान्स’च्या मार्गदर्शनाखाली शिक्षक, अंगणवाडी सेविका, गावातली तरुण मुलं यांना धडे देण्यात आले. श्रीनिवासपुरममध्ये ‘स्नेहा’चे स्वयंसेवक गेले. घरातलं माणूस गमावलेल्यांकडे वर्षभर जात राहिले. बसायचं, ऐकायचं, पुन्हा यायचं. तितकाच तडाखा बसलेल्या, पण अशा भेटी न मिळालेल्या दुसऱ्या वस्तीशी नंतर तुलना केली, तेव्हा इथल्या लोकांमधलं नैराश्य कमी आढळलं. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

इथे एक बारकावा आहे. संकटातून नुकत्याच वाचलेल्याला धरून ‘सांग, सांग, काय झालं ते सगळं सांग’ म्हणणं बरं नव्हे. एका बैठकीत असं सारं वदवून घेतल्याने फायदा होत नाही, उलट कधी अपायच होतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे. आधी पाणी, निवारा, हरवलेल्यांचा ठावठिकाणा. मग सोबत. बोलणं त्याला वाटेल तेव्हा. म्हणजे आमच्या बाईंचा ‘विषय काढायचा नाही’ हा दंडक पहिल्या दिवसापुरता चुकीचा नव्हता. चुकलं ते एवढंच की तो कायमचा राहिला.

जखमीच झाले वैद्य

चेन्नईच्या उत्तरेला पुळल आणि त्याहून पुढे गुम्मिडिपूंडी इथे श्रीलंकेतून आलेल्या तमिळ निर्वासितांच्या छावण्या आहेत. जुलै १९८३ मध्ये श्रीलंकेत तमिळांवर भीषण हल्ले झाले, त्यानंतर होड्या भरभरून माणसं रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागली. अशा शंभराहून अधिक छावण्या तमिळनाडूत आहेत. २०२१ साली सरकारने त्यांचं नाव ‘पुनर्वसन छावणी’ असं केलं. छावणीतच जन्मून छावणीतच आई-बाप झालेली पिढी तिथे आहे.

१९८४ साली निर्वासितांनीच आपली संस्था काढली. तिचे संस्थापक एस. सी. चंद्रहासन हे श्रीलंकेतल्या तमिळांचे जुने नेते चेल्वनायकम यांचे चिरंजीव. बंदुकीच्या वाटेला न जाता त्यांनी छावणीतल्या मुलामुलींना शिक्षक, आरोग्यसेवक, समुपदेशक म्हणून तयार करण्यावर भर दिला. पुढे डॉ. लक्ष्मी विजयकुमार आणि सहकाऱ्यांनी छावणीतल्याच रहिवाशांना शिकवून आत्महत्या रोखण्याचा प्रयोग केला. स्वयंसेवक नियमाने भेटायचे आणि प्रत्येकाबरोबर एक छोटं कार्ड तयार करायचे. मन अगदी खचलं तर काय करायचं, कुणाकडे जायचं, याचं. औषध नाही, यंत्र नाही. तरीही जीव देण्याचे प्रयत्न घटल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. ज्याने स्वतः घर जळताना पाहिलंय, त्याने ‘मला कळतंय’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ते पटतं.

आपल्याकडे असं काही नाही का? आहे तर! मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सोबतीने बायका-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० सालाच्या आसपास महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने मिळून ‘दिलासा’ केंद्र काढलं. ‘जिन्यावरून पडले’ म्हणणाऱ्या बाईच्या जखमा काय सांगतात, हे ओळखायला तिथे परिचारिका शिकल्या. पण प्रत्येक मजल्यावर दिलासा केंद्र कुठून असणार? मजल्यावर आपणच असतो.

परतीची गाडी

निघताना मावशींनी केळ्याच्या पानात बांधलेला दहीभात दिला. गाडी सेंट्रलहून सुटली. रात्री बर्थवर पडल्या पडल्या मी मोबाइल काढला. काकूंच्या मुलीचा नंबर शाळेच्या ग्रुपमुळे माझ्याकडे होता. सणासुदीच्या शुभेच्छांपलीकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो.

फोन लावला. वीस मिनिटं ती मुलाच्या परीक्षेचं अन् सोसायटीच्या पाण्याचं बोलत राहिली. मग मी म्हटलं, “तुझ्या आईची आठवण आली गं आज. आम्ही कुणी तुला तेव्हा काही विचारलंच नाही.”

पलीकडे बराच वेळ शांतता. माझ्या जिभेवर तीन-चार वाक्यं येऊन गेली. मावशी आठवल्या आणि मी ती गिळली.

“त्या रात्री मी जागी होते,” ती म्हणाली.

पुढे ती जे बोलली ते इथे लिहायचं नाही. ते तिचं आहे. गाडी अंधारात धावत होती, मध्येच रेंज जायची, ती पुन्हा फोन लावायची. शेवटी म्हणाली, “रविवारी ये घरी. जेवायलाच ये.”

जाणार आहे.

कुणी मन मोकळं करू लागलं तर...

टीव्ही, मोबाइल बंद करा आणि शेजारी बसा. मध्ये बोलू नका, ‘विसरून जा’ म्हणू नका. दोष कुणाचा याचा निवाडा करू नका. बोलायची इच्छा नसेल तर सक्ती नको, नुसती सोबतही पुष्कळ असते. मारहाण चालू असेल तर आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता पाहा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर ते हसण्यावारी नेऊ नका, त्याला एकटं सोडू नका. सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. आणि ऐकलेलं आपल्यापाशीच ठेवा.